काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरण्याजोगी करण्याची क्रिया होय. इंग्रजीत तिला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील काही देशांत शिकारी व नेमबाज ही क्रिया घरच्या घरी करतात. भारतात परवान्याशिवाय तसे करता येत नाही. त्याविषयी शेवटी आले आहे. पुनर्भरणामागे काटकसर हा एक हेतू असतो, परंतु शिकारीच्या रायफलीच्या बाबतीत मुख्य हेतू अचूकता हा होय. प्रत्येक रायफलीची नळी आणि कक्ष यांची मापे किंचित निराळी असतात. कारखान्यातील काडतूस सर्वांना चालेल असे बनवलेले असते. हाताने भरलेले काडतूस एकाच रायफलीला जुळवून घेता येते.

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीज 'कार्तुश' या शब्दावरून आला, असे मानले जाते.

== घटक ==

आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात. पहिला भाग पुंगळी. ती बहुधा ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांच्या पितळेची असते. दुसरा भाग टोपी अथवा प्रायमर. फायरिंग पिनचा आघात होताच तिच्यातील संवेदनशील मिश्रण पेटते. तिसरा भाग दारू आणि चौथा गोळी. या चारांपैकी केवळ पुंगळीच पुन्हा वापरता येते, आणि ती सर्वांत महाग असल्यामुळे पुनर्भरण परवडते.

टोप्यांचे दोन प्रकार आहेत. इंग्लंडचे एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेचे हायरम बर्डन या दोघांनी १८६० च्या दशकात त्या स्वतंत्रपणे विकसित केल्या. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जळालेली टोपी सहज बाहेर ढकलता येते. बर्डन पद्धतीत दोन लहान छिद्रे कडेला असतात आणि टोपीखालची ऐरण पुंगळीतच घडवलेली असते. अशी टोपी काढणे जिकिरीचे असते. गमतीचा भाग असा की, इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेत पुनर्भरणाचा छंद फोफावण्याचे एक साधे कारण या छिद्रात आहे.

दारूच्या वजनाचे एकक ग्रेन हे आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, म्हणजेच सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवण्यात आला होता. .३०-०६ स्प्रिंगफील्ड या रायफलीत १८० ग्रेनची गोळी फार लोकप्रिय आहे. ती बरोबर एक तोळा भरते. कारखान्यात बनलेली दारू तराजूवर तोलताना ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत काळजी घ्यावी लागते.

== इतिहास ==

धातूची पुंगळी प्रचारात आल्यापासूनच पुनर्भरण चालू झाले. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात रानरेडे मारणारे शिकारी मुक्कामावर शेकोटीपाशी बसून काळी दारू आणि ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरून काडतुसे भरत. काळी दारू बरीचशी क्षमाशील होती. पुंगळी तिने पूर्ण भरली तरी रायफल सहसा फुटत नसे.

१८८४ मध्ये फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केली आणि परिस्थिती पालटली. नवी दारू कमी जागेत कितीतरी अधिक ऊर्जा देत होती. जुन्या सवयीने तिने पुंगळी भरणे प्राणघातक ठरू लागले. माप, तराजू आणि छापील तक्ते यांची गरज खऱ्या अर्थाने तेव्हापासून निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची शिल्लक दारू विकत घेऊन ती सामान्य नेमबाजांना स्वस्तात विकली. त्याच सुमारास काही लहान कंपन्या गोळ्या, प्रेस आणि साचे बनवू लागल्या. आजचा छंद त्या काळात आकाराला आला.

== दाबाचे गणित ==

या विषयात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल, तर ती दाबाची होय.

.३०-०६ काडतुसाची कमाल दाबमर्यादा अमेरिकेच्या सामी या मानक संस्थेने दर चौरस इंचास ६०,००० पौंड ठरवली आहे. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ४,००० पट आहे, आणि तो नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो. बंद जागेत दारू जळू लागली की दाब वाढतो. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, आणि अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारू पाच टक्के वाढवली तर दाब पाचच टक्के वाढेल, हा सरळ हिशेब येथे चालत नाही. कमाल मर्यादेजवळ थोडीशी वाढही दाबाला झपाट्याने वर नेते.

दाब केवळ दारूच्या वजनावर अवलंबून नसतो. सैन्यासाठी बनवलेल्या पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असते, म्हणून आतली जागा कमी भरते आणि तेवढ्याच दारूने दाब अधिक होतो. गोळी नळीतील आट्यांना टेकेल इतकी पुढे बसवली, तरीही सुरुवातीचा दाब वाढतो. टोपी बदलली तर दाब बदलतो. हिवाळ्यात गोठणबिंदूखाली सुरक्षित वाटलेला भार उन्हाळ्यात तापलेल्या कक्षात मर्यादा ओलांडू शकतो. यातील कोणताही एक घटक बदलला, तर भार पुन्हा खालपासून तपासणे आवश्यक असते. 'एवढ्याशा बदलाने काय होणार' हा विचार येथे महागात पडतो.

मात्र फार कमी दारू घालणे हाही सुरक्षित मार्ग नव्हे. सावकाश जळणारी दारू मोठ्या पुंगळीत अगदी थोडी घातल्यास क्वचित प्रसंगी अनपेक्षित प्रचंड दाब निर्माण होऊन रायफली फुटल्या आहेत. तसेच दारू घालायचीच राहून गेली, तर एकट्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत मध्येच अडकते. त्यानंतर दुसरी गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज नेहमीपेक्षा हलका आला, की थांबून नळी रिकामी असल्याची खात्री करणे हा अनुभवी लोकांचा अलिखित नियम आहे.

== भार ठरवण्याची पद्धत ==

दारू व गोळ्यांचे उत्पादक दाबमापक यंत्रे वापरून चाचण्या घेतात आणि भारांचे तक्ते प्रसिद्ध करतात. तक्त्यात प्रत्येक गोळीसाठी आरंभीचा आणि कमाल असे दोन भार दिलेले असतात. आरंभीचा भार बहुधा कमाल भाराच्या दहा टक्के खाली असतो. पुनर्भरण करणारा आरंभापासून लहान पायऱ्यांनी वर चढतो आणि प्रत्येक पायरीवर थांबून झाडलेल्या पुंगळ्या तपासतो. बोल्ट उचलताना जड लागणे, टोपी पसरट होऊन तिच्या कडा नाहीशा होणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे, टोपीचे घर सैल पडणे ही अतिदाबाची लक्षणे होत. परंतु ही लक्षणे उशिरा दिसतात. टोपीचा धातू कठीण असेल तर दाब मर्यादेपलीकडे गेल्यावरही ती गोल दिसू शकते. म्हणून गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ अधिक भरवशाचा ठरतो. तक्त्यातील वेगापेक्षा फार अधिक वेग मिळत असेल, तर तो दाबातूनच आलेला असतो. फुकट काही मिळत नाही.

नावांच्या साम्यामुळे होणारी चूक विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन दारूंच्या नावात एकच आकडा आहे, पण दोन्हींच्या जळण्याचा वेग सारखा नाही. एकीचा तक्ता दुसरीला लावणे धोक्याचे आहे. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवावा हा नियम याच कारणाने रूढ झाला. डब्यातून काढलेली दारू दिवस संपताच मूळ डब्यात परत जाते, आणि लेबल नसलेली दारू कोणतीही असो, ती वापरली जात नाही.

अचूकता तपासताना नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत संख्याशास्त्राची असते. तीन गोळ्यांचा एखादा झुपका लहान आला की भार सापडला, असे समजून तो आनंदून जातो. वास्तविक त्याच भाराने झाडलेल्या पाच गोळ्यांचा फैलाव सरासरीने तीन गोळ्यांच्या सव्वापट आणि दहा गोळ्यांचा दीडपटीहून थोडा जास्त असतो. शिवाय तीनच गोळ्यांच्या दोन झुपक्यांत केवळ योगायोगाने मोठा फरक पडू शकतो. दोन भारांतला खरा फरक ओळखायचा असेल तर प्रत्येकी दहाहून अधिक गोळ्या झाडाव्या लागतात, आणि नेमका तोच संयम बहुतेकांकडे नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते अचूक भाराच्या शोधातील निम्म्या दंतकथा या घाईतून जन्मलेल्या आहेत.

शिकारीसाठी लागणारी अचूकता स्पर्धेइतकी सूक्ष्म नसते. हरणाच्या हृदय व फुप्फुसांचा भाग साधारण २० ते २५ सेंटिमीटरचा असतो. तेथे गोळी लागली तर प्राणी लवकर मरतो. न लागल्यास जखमी होऊन दूर निघून जातो आणि तडफडून मरतो. म्हणून शिकाऱ्याला दहा गोळ्यांच्या सुबक झुपक्यापेक्षा थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी दर वेळी कोठे लागते, हे अधिक महत्त्वाचे असते. काडतूस मॅगझिनमधून विनाअडथळा कक्षात शिरणेही तितकेच आवश्यक आहे.

== पुंगळीचे आयुष्य ==

झाडताना पुंगळी फुगून कक्षाच्या भिंतीला चिकटते. पुनर्भरणात ती वंगण लावून पोलादी साच्यातून दाबली जाते आणि पुन्हा मूळ आकाराला येते. या फुगण्या-दबण्यात पितळ हळूहळू पुढे सरकते. तोंड लांबते आणि बुडाजवळची भिंत आतून पातळ होते. साचा गरजेपेक्षा खाली बसवला असेल, तर हे फार लवकर घडते आणि शेवटी पुंगळी आडवी तुटते. आतून पातळ झालेला पट्टा बाहेरून दिसतोच असे नाही. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून ओढल्यास खोबण हाताला जाणवते. लांबलेले तोंड व्हर्नियर कॅलिपरने मोजून कापावे लागते, अन्यथा ते कक्षात गोळीवर आवळले जाऊन दाब वाढतो.

वारंवार दाबल्याने पितळ कठीण होऊन मान तडकते. त्यावर उपाय म्हणजे मानेचा भाग तापवून मऊ करणे. आपल्याकडील तांबट भांडे ठोकताना ते मधूनमधून भट्टीत घालतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. मात्र पुंगळीचे बूड कधीही मऊ होऊ द्यायचे नसते, कारण सगळा दाब तेच पेलते.

पितळेच्या आणखी एका दोषाचा शोध भारताशी निगडित आहे. ब्रिटिश सैन्याने पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. पुढे १९२१ मध्ये त्याचे कारण स्पष्ट झाले: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील ओलावा आणि पितळेत आधीपासून असलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की धातूला चिरा पडतात. अमोनिया असलेल्या द्रवाने पुंगळ्या स्वच्छ करू नयेत, हा आजचा नियम त्याचाच धडा होय.

== आरोग्य व साठवण ==

धूरविरहित दारू उघड्यावर पेटल्यास भडकून जळते, परंतु भक्कम बंद पेटीत ती स्फोटासारखी वागते. म्हणून ती मूळ हलक्या डब्यातच ठेवतात. टोप्या यापेक्षा नाजूक असतात आणि त्या मूळ वेष्टनाबाहेर ढिगाने ठेवणे टाळले जाते. टोपीच्या राखेत शिसे असते, त्यामुळे पुंगळ्या स्वच्छ करताना उडणारी धूळ अपायकारक असते. त्या टेबलावर खाणेपिणे वर्ज्य मानतात आणि काम संपल्यावर हात धुतात.

शिशाच्या गोळीचे कण मृत प्राण्याच्या मांसात राहतात आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियातील काँडोर पक्षी यामुळे संकटात आल्याने त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. त्याऐवजी अखंड तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत अधिक जागा व्यापते, आणि त्यामुळे शिशाच्या गोळीचा तक्ता तिला लावता येत नाही.

== कायदेशीर स्थिती ==

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असल्यास लागतो. जर्मनीत स्फोटक पदार्थांच्या कायद्यानुसार अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना घ्यावा लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरही बंदी आहे. देशातील काडतुसे प्रामुख्याने सरकारी कारखान्यांत तयार होतात. त्यांपैकी पुण्याजवळील खडकीचा कारखाना १८६९ पासून चालू आहे, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६० च्या दशकातला आहे. जुन्या खडकी काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे कोरलेली आढळतात. ती 'किरकी फॅक्टरी'ची आद्याक्षरे होत.