बॅटरी बदलली आणि गाडीचा टेप 'कोड' मागू लागला? नवीन टेप घेण्याआधी हे वाचाच!

पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहते, बॅटरी उतरते. मेकॅनिक येतो, नवी बॅटरी बसवतो, गाडी एका दमात सुरू होते. तुम्ही खुशीत टेपचं बटण दाबता, तर गाण्याऐवजी डिस्प्लेवर एकच शब्द, 'कोड'! काही गाड्यांत 'सेफ' असंही दिसतं. कोणतंही बटण दाबा, आवाज काही येत नाही.

"टेप गेला साहेब, नवीन टाकून घ्या," असा सल्ला लगेच मिळतो. पण थांबा! तुमचा टेप बिघडलेला नाही. त्याला वाटतंय की त्याची चोरी झाली आहे!

हा प्रकार नेमका काय आहे?

एकेकाळी गाडीची काच फोडून टेप पळवण्याचे प्रकार सर्रास व्हायचे. टेप महाग असायचा, काढायला सोपा आणि विकायलाही सोपा. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी टेपमध्येच कुलूप बसवलं. वीजपुरवठा तुटला, की टेप लॉक होतो आणि योग्य आकडे टाकल्याशिवाय उघडत नाही. चोराने तो उपटून नेला तरी त्याच्या हाती नुसता डबा!

अडचण एवढीच, की वायर तोडणारा चोर आणि बॅटरी बदलणारा मेकॅनिक यांतला फरक टेपला कळत नाही.

कोड कुठे शोधायचा?

सगळ्यात आधी गाडीच्या कागदपत्रांचं पाकीट उघडा. मॅन्युअलसोबत अनेकदा एक छोटं कार्ड असतं, त्यावर कोड लिहिलेला असतो. ते नसेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला स्टिकर आहे का बघा. गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाला एक फोन करा. कार्ड त्यांच्याच कपाटात पडलेलं असू शकतं.

कार्ड सापडलंच नाही तर?

मग लागतो टेपचा सीरियल नंबर. कंपनीच्या नोंदीत या नंबरापुढे कोड असतो.

होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत हा नंबर टेप न काढताही मिळतो. टेप बंद ठेवून चावी 'ॲक्सेसरी'वर फिरवा. मग १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरा आणि टेप चालू करा. डिस्प्लेवर 'यू' आणि 'एल' या अक्षरांपुढे चार-चार आकडे येतात. दोन्ही मिळून झाला सीरियल नंबर. फोर्डच्या काही टेपमध्येही १ आणि ६ दाबून धरल्यावर 'व्ही' किंवा 'एम'ने सुरू होणारा नंबर दिसतो.

जुन्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा टेप बाहेर काढून त्यावरचं लेबल वाचावं लागतं. फोक्सवॅगनचा नंबर 'व्हीडब्ल्यूझेड'ने आणि स्कोडाचा 'एसकेझेड'ने सुरू होतो. टेप ओढताना डॅशबोर्डला चरे पडू शकतात, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आता हा नंबर, आरसी आणि तुमचं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. गाडी तुमचीच आहे याचा पुरावा ते मागतील. राग मानू नका, विचारलं नाही तर मग कुलपाचा उपयोगच काय?

अंदाजाने आकडे टाकू नका!

चार आकडी कोड म्हणजे दहा हजार शक्यता. जुन्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या टेपमध्ये दोनदा चूक झाली, की साधारण तासभर टेप चालू ठेवून वाट बघावी लागते. होंडात दहा प्रयत्न मिळतात, मग तिथेही एक तास थांबणं आलंच.

इंटरनेटवर 'लगेच कोड मिळवा' म्हणणाऱ्या साइट्स भरपूर आहेत. काही जुन्या टेपचा कोड सीरियल नंबरावरून गणिताने काढता येतो, त्यामुळे त्यातल्या काही खऱ्याही असतात. पण पैसे घेऊन गायब होणारेही असतात. म्हणून आधी सर्व्हिस सेंटर, आणि कार्डचे तपशील किंवा ओटीपी तर कोणालाच देऊ नका.

नव्या गाड्यांचं काय?

बऱ्याच नव्या गाड्यांत टेप आपल्या गाडीला ओळखतो, त्यामुळे कोड लागतच नाही. होंडाच्या काही नव्या मॉडेल्समध्ये पॉवरचं बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं, की टेप पुन्हा सुरू होतो.

तेव्हा आजच एक काम करा. कोडचं कार्ड शोधा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा आणि कार्ड घरी ठेवा. गाडीत ठेवलं तर चोराला टेपसोबत किल्लीही मिळेल! आणि पुढच्या वेळी मेकॅनिकने बॅटरीला हात लावण्याआधी त्याला एवढंच सांगा, "दादा, थांबा जरा, टेपचा कोड आहे का बघतो."

तुमच्या ओळखीत कोणी सेकंडहँड गाडी घेत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. टेपचा कोड आत्ताच मागून घेतला, तर पुढे नव्या टेपचा खर्च वाचेल!