चित्राला मोकळीक, ज्ञानाला मज्जाव

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या वृत्तपत्रविक्रेत्यांकडे ‘पॅरिस-हॉलीवूड’सारखी, अर्धवस्त्र तरुणींच्या छायाचित्रांची नियतकालिके राजरोस मिळू लागली. 16 जुलै 1949 च्या कायद्याने अशी प्रकाशने अठरा वर्षांखालील मुलांना विकण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला दिला; प्रौढांना ती मिळतच राहिली. परंतु त्याच फ्रान्समध्ये 1920 च्या कायद्याने संततिनियमनाचा प्रचार गुन्हा ठरविला होता, आणि गर्भनिरोधकांना मान्यता मिळण्यास 1967 साल उजाडावे लागले. स्त्रीचे शरीर पाहण्यास हरकत नव्हती. त्या शरीराचे ज्ञान तिला मिळण्यास मात्र होती.

फ्रेंचांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आलेल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका होती. लोकनिंदा चित्रांचीही झाली. पण 1931 मध्ये शंभर रुपये दंड झाला तो व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल. 1934 च्या खटल्याचा विषय होता वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले, तरीही दोनशे रुपये दंड झालाच. 1953 मध्ये कर्वे निवर्तले आणि मासिकही थांबले.

आज चित्राला विक्रेत्याची गरज उरलेली नाही. ते मुलांच्या हातातील मोबाइलवर आहे. ज्ञानाची वाट मात्र अडलेलीच. 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात विरोधापुढे थांबविण्यात आला. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत हजारो मुलेमुली वैद्यकीय प्रवेशासाठी प्रजननसंस्थेचा धडा तोंडपाठ करतात. स्वतःच्या मनातील शंका कोणाला विचारावी, हे मात्र त्यांना कळत नाही. आणि ज्या मुलींचे शिक्षण ऊसतोडीच्या हंगामात सुटते व लग्न लवकर उरकले जाते, त्यांच्यापर्यंत तो धडाही पोहोचत नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेत एक बंद पेटी ठेवावी, मुलांनी नाव न घालता प्रश्न टाकावेत आणि शिक्षकांनी गावच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलावून उत्तरे द्यावीत. ज्या कामासाठी कर्व्यांनी दंड भरला, तेच हे काम आहे. आज त्यासाठी दंड नाही. फक्त संकोच सोडावा लागेल.