शिट्टी न वाजलेले तीन सेकंद

सोलापूर जिल्ह्याची नजर कबड्डी आणि खो-खोवर पोसलेली. रेषेबाहेर गेला की बाद, यात वाद नसतो. हीच नजर घेऊन लोक शालेय बास्केटबॉलच्या सामन्याला उभे राहतात आणि रिंगखाली एखादा उंच मुलगा जरा रेंगाळला की कडेवरून आरोळी उठते, ‘सर, थ्री सेकंद!’ पंच हूं की चूं करत नाहीत. मग त्यांना नियम येत नाही किंवा ते समोरच्या शाळेला सामील आहेत, असे दोनच निष्कर्ष उरतात. माझ्या मते तिसरा निष्कर्ष बहुतेक वेळा खरा असतो. पंचांनी नियम लावलेला असतो आणि शिट्टी न वाजवणे हीच त्याची अंमलबजावणी असते.

नियमाचे शब्द पाहू. प्रतिस्पर्ध्याच्या रिंगखालचा रंगवलेला पट्टा ४.९ मीटर रुंद आणि ५.८ मीटर लांब असतो. आक्रमक संघाच्या खेळाडूने त्यात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचे नाही. पण ही मोजणी केव्हा सुरू होते? चेंडू त्याच्या संघाच्या ताब्यात, तोही आक्रमणाच्या अर्ध्या भागात, आणि सामन्याचे घड्याळ चालू असेल तेव्हाच. आक्रमणाच्या भागात बाहेरून चेंडू आत टाकायचा असतो तेव्हा घड्याळ थांबलेले असते. त्या वेळी मुलगा आत कितीही उभा राहिला तरी मोजणी नाही. चेंडू बास्केटकडे सुटला की ताबा संपला, मोजणीही संपली. तो रिंगवर आपटून परत आपल्याच मुलाच्या हाती आला तर पुन्हा शून्यापासून. दोन-तीन रिबाउंड सलग मिळाले तर पाच-सहा सेकंद आत राहूनही गुन्हा घडत नाही, आणि कडेवरचा माणूस मात्र पहिल्यापासून एका दमात मोजत असतो.

पुढे सवलती आहेत. बाहेर पडण्याच्या प्रयत्नात असलेल्याला पंच मुभा देतात. तीन सेकंदांच्या आत चेंडू मिळून तो ड्रिबल करत बास्केटकडे निघाला तर तिथेही मुभा. उलट एक गोष्ट कडक आहे. पट्ट्याच्या रेषा पट्ट्यातच धरतात आणि बाहेर आलो म्हणायला दोन्ही पाय बाहेर टेकावे लागतात. एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभा राहणारा आतच. अशी लबाडी मुले हमखास करतात, आणि प्रेक्षकांना नेमकी तीच दिसत नाही.

तीन या आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची, हे इतिहासातूनही दिसते. उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडू लागले म्हणून १९३६च्या सुमारास अमेरिकेत हा नियम आला. उंच खेळाडू जॉर्ज मायकनला आवरायला १९५१मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगने सहा फुटांचा पट्टा बारा फुटांचा केला, विल्ट चेंबरलेनमुळे १९६४मध्ये तो सोळा फुटांवर गेला. सेकंद मात्र तीनच राहिले. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिबाने, २०१०पर्यंत पायथ्याशी सहा मीटर रुंद आणि वर निमुळता होणारा पट्टा ठेवला होता. आता तो सरळ आयत आहे. त्यामुळे पायथ्याच्या रेषेलगत, पट्ट्याच्या मध्यापासून पावणेतीन मीटरवर उभा असलेला मुलगा जुन्या आखणीत आत येई, नव्या आखणीत तो बाहेर आहे. एखाद्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर जुनाच रंग असेल, तर अर्धा वाद तिथेच पेटतो.

यावर रास्त आक्षेप आहे : नियमात तीन लिहिले असताना पंचाने मनात मोजायचे, तेही आत थांबल्याने खेळात कुणाचा फायदा-तोटा होतो का ते बघून, मग मनमानी कशाला म्हणतात? पण फायदा-तोट्याचा विचार पंचाने घरून आणलेला नाही. तो फिबाच्या नियमपुस्तकातच सांगितला आहे. आणि आपल्या कबड्डीतली लॉबी आठवा. झटापट सुरू होण्याआधी तिथे पाय पडला तर खेळाडू बाद, स्पर्श झाल्यावर तीच लॉबी मैदानाचा भाग. रेषा तीच, अर्थ परिस्थितीवर. दुसरा आक्षेप, शिट्टीऐवजी ‘बाहेर ये’ असे पंचाने नुसते बजावणे म्हणजे एका संघाला मदत. मला तसे वाटत नाही. अजून न घडलेले उल्लंघन टाळले तर खेळ अडत नाही. मात्र बजावूनही मुलगा पाठीने बचावपटूला रेटत, हात वर करून चेंडू मागत तिथेच उभा असेल, तर शिट्टी वाजलीच पाहिजे. इथे सोडणारा पंच चुकतो, आणि पहिल्या क्वार्टरमध्ये पकडून चौथ्यात सोडणारा त्याहून जास्त.

राहता राहिली बचावपटूंविरुद्ध उठणारी ‘थ्री सेकंद’ची आरोळी. ती मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली तीच व्यावसायिक लीग, पाहून आली आहे. तिथे २००१-०२च्या हंगामापासून बचावालाही तीन सेकंदांचे बंधन आहे. आपल्या शालेय सामन्यांना लागणाऱ्या फिबाच्या नियमांत ते नाही. बचावपटू रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो, त्याला बाहेर खेचायचे काम समोरच्या संघाच्या पासिंगचे.