यजमान हरवलेली यात्रा

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. दीडच महिन्यात, ५ जूनला, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. वऱ्हाडानं या दोन्ही गोष्टींची कित्येक वर्षं वाट पाहिली होती. त्यांचा आनंद खराच आहे. मात्र त्यासोबत यात्रेचा हिशेबही पार बदलला. किती दिवसांत किती देवस्थानं, हे आता यात्रेचं माप झालं आहे. शिर्डी एका दिवसात, काशी-अयोध्या चार दिवसांत. २०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष होतं. त्या निमित्तानं रोम, असिसी, पादुआ, लूर्द आणि फातिमा एकाच फेरीत दाखवणाऱ्या सहलींनाही हेच माप लागू होतं. सोबत एक धर्मगुरू, रोज मिस्सा, आणि बाकी वेळ बस किंवा विमान. धर्म कुठलाही असो, आखणी एकच. माझं म्हणणं असं आहे की गेल्या दहा वर्षांत वऱ्हाडची यात्रा वेगवान आणि सुखाची झाली, पण यजमानांना मुकली. पैसे घेऊन सोय करणारे वाढले आणि आपलेपणानं सोय करणारी वाटेवरची गावं यात्रेतून बाद झाली. यात यात्रेकरूचं नुकसान आहेच, पण गावांचं त्याहून मोठं आहे.

जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ही महानुभावांची काशी. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, राहिले, त्या जागांची नोंद ठेवणारी स्थानपोथी याच पंथानं मराठीला दिली. स्थान कुठे, त्याचं दार कुठल्या दिशेला, जवळ काय आहे, असा तपशील देणारी ती यात्रेची वाटाडी पोथीच आहे. युरोपात, स्पेनमधल्या सान्तियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी बाराव्या शतकात लॅटिनमध्ये असंच मार्गदर्शन लिहिलं गेलं होतं. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरातून, म्हणजे रुक्मिणीच्या माहेरातून, पंढरीला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४पासूनची मानली जाते. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे मिळून अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला; इथला कॅथलिक समाज लहान, त्याच्या यात्रेच्या वाटा जुन्या गोव्याकडे आणि वेलंकणीकडे जाणाऱ्या. या सगळ्या परंपरांचे देव वेगळे, पण यात्रेकरूला मधल्या गावांवर भिस्त ठेवूनच जावं लागे, ही गोष्ट सर्वांना सारखी होती.

ही भिस्त म्हणजे काय, हे शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीत आजही पाहायला मिळतं. १९६८पासून ही पालखी पायी पंढरपूरला जाते. जाण्याचा पल्ला सुमारे साडेसातशे किलोमीटरचा, वाटेला महिनाभर लागतो आणि परतीची वाटही पायीच. पारस, गायगाव करत पालखी अकोल्यात येते, तिथे दोन दिवस मुक्काम करते आणि पातूर, मेडशीवरून मराठवाड्यात उतरते. पांढऱ्या वेशातले सुमारे सातशे वारकरी दोन रांगांत, टाळाच्या ठेक्यावर, शिस्तीनं चालत असतात. हे दृश्य सर्वांच्या परिचयाचं आहे. त्यामागची व्यवस्था मात्र सहसा कुणी नीट पाहत नाही. कुठल्या गावी सकाळचा चहा, कुठे दुपारचं जेवण, कुठल्या शाळेत रात्रीचा मुक्काम, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं, आणि ज्या गावाच्या वाट्याला जे आलं ते त्या गावाचा मान असतो. पालखी येण्याआधी रस्ता झाडला जातो, सडा पडतो, रांगोळी निघते, पंगतीचं सामान घरोघरून जमतं. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी दोन घरं त्या दिवशी एकाच पंगतीत वाढायला उभी राहतात. जे पंढरपूरला कधीच जाणार नाहीत, त्यांच्याही दारात यात्रा येते आणि पुण्याचा वाटा देऊन जाते. यात्रा ही चालणाऱ्याइतकीच वाढणाऱ्याचीही असते, हे वऱ्हाड अशा रीतीनं शिकलं.

आता त्या दशकाकडे वळू, ज्यात हे शिक्षण ओसरत गेलं. ते दशक मी जुन्या गोव्याच्या पंचांगानं मोजतो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन तिथे दर दहा वर्षांनी खुलं होतं. एक सोहळा नोव्हेंबर २०१४मध्ये सुरू झाला, पुढचा नोव्हेंबर २०२४मध्ये. या दोन सोहळ्यांच्या मधल्या काळात वऱ्हाडच्या यात्रेवर पहिला घाव बसला तो १ जानेवारी २०१७ला, अकोला-खंडवा मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा. एकेकाळी याच लोहमार्गावर नांदेडचं सचखंड, हिंगोलीवरून औंढा नागनाथ, खंडव्यापुढे ओंकारेश्वर आणि थेट अजमेरचा दर्गा एका ओळीत होते. शीख, हिंदू आणि मुस्लीम यात्रेकरू एकाच डब्यात शिदोऱ्या सोडत. मेळघाटात धुळघाटाजवळ ही गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जाई. उतारूंना खिडकीतून आपण नुकतीच सोडलेली वाट खाली दिसे. अकोला आणि अकोट ही या यात्रेची उतरण्याची, थांबण्याची, गाडी बदलण्याची गावं होती. पूर्णा-अकोला टप्प्याचं रुंदीकरण आधीच झालं होतं, त्यामुळे लांबची मीटरगेज गाडी तेव्हाच तुटली होती. २०१७नं उरलेला धागाही तोडला. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून रुंद मार्ग न्यायचा की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. मार्ग जंगलाबाहेरून नेणंच योग्य, याबद्दल मला शंका नाही. पण त्या वादात वाघ होता, मालवाहतूक होती, राजकारण होतं. यात्रेकरू कुठेच नव्हता. त्याच्यासाठी ना लोकप्रतिनिधी हटून बसले, ना मोठी देवस्थानं. नोव्हेंबर २०२२मध्ये अकोला-अकोट गाडी सुरू झाली आणि एवढ्यावरच बहुतेकांनी समाधान मानलं. हा जुना हिशेब अजून चुकता झालेला नाही.

दुसरा घाव करोनाचा. मार्च २०२०मध्ये मंदिरं बंद झाली. त्या वर्षीच्या आषाढीला मोजक्याच मानाच्या पालख्यांना परवानगी मिळाली आणि कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. शेगावची पालखी त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी निघालीच नाही. त्या निर्णयात चूक नव्हती. जीव वाचवणं हे पहिलं काम होतं. पण दोन वर्षं मुक्काम न पडल्यानं वाटेवरच्या गावांना पहिल्यांदा कळलं की यात्रा आपल्याला वगळूनही पूर्ण होऊ शकते. ही जाणीव पालखी पुन्हा चालू लागल्यावरही पुसली गेली नाही. त्यातच ४ ऑगस्ट २०२१ला शेगाव संस्थानाची धुरा वाहिलेले शिवशंकरभाऊ पाटील गेले. या संस्थानात गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीनं येतात आणि मोबदला न घेता राबतात, झाडू मारतात, पंगती वाढतात. या पद्धतीला त्यांनी जी घडी घालून दिली, ती वऱ्हाडच्या आतिथ्याची सर्वांत मोठी कमाई आहे. संस्थानाच्या आवारात ती टिकून आहे. आवाराबाहेर, रस्त्यांवर, तिला वारस मिळाला नाही.

कारण रस्त्यांनी त्याच वेळी वेगळी दिशा धरली होती. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. वर्षानुवर्षं खड्ड्यांत हाडं मोडून घेतलेल्या लोकांना तो रस्ता हवाच होता. डिसेंबरात समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. या रस्त्यावर दुचाकीलाही मज्जाव, मग पायी चालणाऱ्याची बातच नको. कारंजा, मेहकर ही गावं प्रवाशाला पाटीवरच्या नावांपुरतीच उरतात. २०२१ साली आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांचं भूमिपूजन झालं, तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना वेगळी पायवाट आराखड्यातच धरली होती. म्हणजे हे करता येतं, शासनाला सुचतं, पैसाही मिळतो. मग सव्वाचारशे वर्षांची परंपरा सांगणारी कौंडण्यपूरची वाट त्या आराखड्यात का बसू नये? उलट सिंदखेडराजा ते शेगाव भक्ती महामार्ग पुढे आला तेव्हा ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गालाही ठिकठिकाणी विरोध झाला. नाव भक्तीचं किंवा शक्तिपीठाचं असलं, तरी ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूला पाणी दिलं त्यांना या योजनांनी विचारात घेतलं ते जमीन देणारे म्हणून. यजमान म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही.

यावर पहिला आक्षेप साधा आणि वजनदार आहे. म्हातारी माणसं, आजारी माणसं, कामातून चार दिवस काढणारी माणसं महिनाभर कशी चालणार? वाहनानं त्यांना देव भेटला. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारनं साठ वर्षांपुढच्या नागरिकांसाठी तीर्थदर्शन योजना आणली, प्रत्येकी तीस हजार रुपयांपर्यंत खर्च धरला. त्याचा लाभ ज्यांनी कधी तालुका ओलांडला नाही त्यांनाही मिळाला. हे सगळं मान्य. वाहनाला माझा विरोध नाही. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८मध्ये बर्नादेत सुबिरू या मुलीला माता मारियेचं दर्शन झालं असं मानतात. तिथे रेल्वे १८६६मध्ये आली आणि ही यात्रा रेल्वेवरच वाढली. पण त्या गाड्यांनी सर्वांआधी आजाऱ्यांना नेलं. त्यांची ने-आण करायला, त्यांना आंघोळ घालायला स्वयंसेवकांची संघटना १८८५मध्ये उभी राहिली. हे स्वयंसेवक आजही स्वतःच्या खर्चानं जातात आणि लूर्दला आजारी माणूस सर्वांच्या पुढे असतो. म्हणजे गाडी आली म्हणून यजमान जात नाही. यजमानाची जागा आखणीत ठेवली नाही म्हणून तो जातो. आपल्या तीर्थदर्शनात सोबतीला सेवेकरी आणि वाटेत एखाद्या गावाची पंगत का नसावी, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

दुसरा आक्षेप असा की ही सगळी जुन्या दारिद्र्याची आठवण आहे. लोक चालत होते कारण गाडीला पैसे नव्हते, हाती पैसा आला की कुणी चालणार नाही. याला उत्तर स्पेनमध्ये मिळतं. सान्तियागोची पायवाट विसाव्या शतकात जवळजवळ ओस पडली होती. १९८०च्या दशकात यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांची वर्षाची संख्या काही हजारांच्या वर जात नव्हती. एलियास वालिन्या नावाचा खेड्यातला धर्मगुरू त्या काळात पिवळा रंग घेऊन निघाला आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवत गेला. पुढे १९८७मध्ये युरोपच्या परिषदेनं या वाटेला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला, नगरपालिकांनी आणि चर्चनी स्वस्त धर्मशाळा उघडल्या, जुने यात्रेकरू स्वयंसेवक म्हणून तिथे रखवाली करू लागले. २०२४मध्ये ते प्रमाणपत्र घेणारे पाच लाखांच्या घरात गेले. स्वस्त विमानं आणि वेगवान गाड्या असलेल्या देशात, पैसेवाल्या माणसांनी पायवाट निवडली, आणि ओस पडत चाललेल्या खेड्यांना त्यातून पोट मिळालं. व्यापारही वाढला, त्यात गैर काही नाही. शेगावची कचोरीही यात्रेवरच मोठी झाली. वाटेवर होणाऱ्या व्यापारात गावाचा वाटा असतो. सगळी यात्रा एकाच कंपनीच्या पावतीवर संपली की तो वाटाही संपतो.

म्हणून मागणी फार मोठी नाही. कौंडण्यपूर ते पंढरपूर ही वाट गावागणिक नोंदवावी, तिच्यावर खुणा आणि सावली उभी करावी, आणि ती जिथे महामार्गाला मिळते तिथे चालणाऱ्याची पट्टी रस्त्याच्या नकाशातच आखावी. मुक्कामाच्या ग्रामपंचायतींना पाणी, संडास आणि निवाऱ्यासाठी दरवर्षी ठरलेला निधी मिळावा. तीर्थदर्शनाच्या गाड्यांनी निदान एक जेवण वाटेवरच्या गावात घ्यावं, आणि मोठ्या देवस्थानांनी आपले सेवेकरी आवाराबाहेरही पाठवावेत. अकोला-खंडवा मार्ग पुरा होईल तेव्हा ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूच्या थांब्यांचा विचार वेळापत्रक ठरण्याआधी व्हावा, नंतर नव्हे. गोव्यातला पुढचा सोहळा २०३४मध्ये येईल. तोवर हे झालं नाही, तर दोष विमानाचा किंवा समृद्धीचा नसेल; वेगासाठी एक होऊन भांडलेल्या आणि वाटेसाठी गप्प राहिलेल्या आपल्या वऱ्हाडाचा असेल.