कोलिफॉर्म नाहीत, म्हणजे पाणी सुरक्षित?

नोव्हेंबर 1955. यमुनेचा पूर ओसरताना प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी उलटे चढत वजिराबादला पोहोचले. दिल्लीच्या नळांना जाणारे पाणी तिथूनच उचलले जाई. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. विषमज्वराची किंवा हगवणीची लाट आली नाही. मात्र डिसेंबर-जानेवारीत सुमारे 29 हजार दिल्लीकरांना कावीळ झाली. गर्भवतींमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते.

प्रयोगशाळा नळाच्या पाण्यात प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसत नाही. तसे करणे खर्चिक आणि वेळखाऊ असते. त्याऐवजी विष्ठेत आढळणारे कोलिफॉर्म जीवाणू शोधले जातात. यातले काही माती-पालापाचोळ्यातही राहतात, म्हणून भक्कम पुरावा मानतात तो ई. कोलायचा. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 मध्ये वर्णन केलेला हा जीवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात, पण तो पाण्यात सापडला की विष्ठा पाण्यात मिसळली हे नक्की. म्हणूनच पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळू नये, असे भारतीय मानक सांगते.

विष्ठा पाण्यात येते कुठून? अनेकदा शुद्धीकरण केंद्रातले पाणी चांगले असते, ते बिघडते वाटेत. आपल्या बहुतेक गावाशहरांत पाणी ठरावीक वेळीच सुटते. बाकीचा वेळ वाहिनीत दाब नसतो. शेजारून गटार वाहत असेल, तर तडे गेलेल्या, सैल सांध्यांच्या वाहिनीत ते घाण पाणी ओढले जाते, आणि पाणी सुटले की आधी तेच घरात येते. चोवीस तास दाब राखणे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, आरोग्याचा आहे, हे माझे ठाम मत आहे.

या वाटेवर पाण्याचे रक्षण करतो तो उरलेला क्लोरीन. नळापाशी तो लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. गावातला जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग पाहतो, तो यासाठीच. कोलिफॉर्मचा निकाल यायला एक-दोन दिवस जातात. तोवर लोक ते पाणी पिऊन मोकळे झालेले असतात. हा रंग मात्र जागच्या जागी कळतो.

आता पुन्हा दिल्लीकडे. क्लोरीनपुढे कोलिफॉर्म लवकर मरतात. कित्येक विषाणू त्यांच्याहून चिवट असतात. पाणी गढूळ असेल तर कणांच्या आडोशाने ते आणखी तग धरतात. त्या साथीतल्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत तपासले आणि 1980 मध्ये दाखवून दिले, की ही कावीळ हिपॅटायटिस 'ए'ची नव्हती. पुढे ती घडवणाऱ्या विषाणूला हिपॅटायटिस 'ई' हे नाव मिळाले.

म्हणजे ई. कोलाय सापडला तर पाणी नक्की धोक्याचे; कोलिफॉर्म न सापडले तर तेवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही. ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे अहवाल मागाल तेव्हा गढूळपणा आणि उरलेला क्लोरीन यांचेही आकडे मागा. वाहिनी फुटली असेल किंवा नळाला गढूळ पाणी येत असेल, तर गाळून खळखळ उकळल्याशिवाय पिऊ नका. घरात गर्भवती असेल तर यात जराही हयगय नको.