पेनड्राइव्ह काढण्याचा अधिकार कोणाचा ?

एकत्र कुटुंबांत कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा वाद जुनाच आहे. घरांत सर्वांचा मिळून एक संगणक आणि त्यावर लिनक्स आलें, कीं तोच वाद निराळ्या वेषांत उभा राहतो : लावलेला पेनड्राइव्ह काढण्याचा अधिकार कोणाला ? मुलांना हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. ओढला कीं निघाला! परंतु सुज्ञ वाचकांनीं थोडें थांबावें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. एका यंत्रावर अनेकांनीं काम करावयाचें, म्हणून तींत सामान्य उपयोगकर्ता आणि ‘रूट’ नामक सर्वाधिकारी असा भेद केलेला आहे. बाहेरील साठा यंत्राच्या फाइलींशीं जोडणें म्हणजे ‘माउंट’ व तो सोडविणें म्हणजे ‘अनमाउंट’. (आज्ञा लिहितांना मात्र ‘न’ गाळून ‘उमाउंट’ असेंच लिहावें लागतें, संस्कृतज्ञांस येथें पाणिनीच्या लोपाची आठवण होईल.) दोन्ही कामें मूळचीं रूटचीं. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या लिनक्सनें हीच रीत उचलली. आणि पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीहि डेबियन लिनक्सवर उभारलेली असल्यामुळें त्याच कुळांतली.

सोडविण्याची एवढी मातब्बरी कां ? लिहावयाचा मजकूर यंत्र तत्काळ पेनड्राइव्हवर उतरवीत नाहीं. तो प्रथम आपल्या स्मृतींत ठेवतें व सवडीनें पोंचवितें. पडद्यावर ‘नक्कल पूर्ण’ असें दिसलें तरी कांहीं भाग अद्याप वाटेवरच असूं शकतो. अनमाउंट करतांना ही बाकी चुकती होते.

आमच्या सोलापुरांतील घरीं घडलेली गोष्ट सांगतों. थोरल्या पुतण्यानें सिद्धेश्वराच्या यात्रेंतील नंदीध्वजांचीं छायाचित्रें पेनड्राइव्हवर घातलीं आणि आपलें खातें तसेंच कुलूपबंद ठेवून तो कचेरीला निघाला. पाठोपाठ नातीनें आपलें खातें उघडलें. तिला तोच पेनड्राइव्ह शाळेंत न्यावयाचा होता. काढूं जातां यंत्रानें मुख्याधिकाऱ्याचा परवलीचा शब्द मागितला. काका फोन उचलीना, दारांत रिक्षा उभी. पोरीनें सरळ उपटला. शाळेंत पाहते तों निम्मीं चित्रें उघडेनात. संध्याकाळीं सर्वांनीं तिलाच बोल लावला. आम्हांस तो अन्याय वाटला. नीट काढण्याची वाट बंद ठेवावयाची आणि ओढून काढणाऱ्या हातास दोष द्यावयाचा, ही कोणती रीत ?

यंत्राचा नियम असा, कीं ज्यानें जोडला त्यानें सोडवावा. दुसऱ्यानें जोडलेला सोडवावयाचा तर रूटची अनुज्ञा हवी. परक्या लोकांची वर्दळ असलेल्या प्रयोगशाळेंत हें योग्यच. घरांत मात्र तो नियम सैल करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तशी सोयहि आहे. ‘एफएसटॅब’ नामक फाइलींत त्या ड्राइव्हच्या ओळींत ‘यूझर’ लिहिलें तर वरचाच नियम राहतो. ‘यूझर्स’ लिहिलें कीं कोणीहि जोडावा, कोणीहि सोडवावा. एका ‘स’ काराचा हा प्रताप ! नित्य नवे पेनड्राइव्ह येत असतील तर ‘पोलकिट’मध्यें नियम लिहून घरच्या मंडळींचा एक गट करावा व त्या गटास दुसऱ्याचें जोडलेलें सोडविण्याची मुभा द्यावी. नियम रूटनें एकदांच लिहावयाचा. परवलीचा शब्द घरभर वांटावयाचा नाहीं.

दुसऱ्याचें चाललेलें काम यानें बिघडेल, अशी शंका वडील मंडळी काढतील. तें भय अनाठायीं आहे. ड्राइव्हवरील फाइल कोणी उघडी ठेवली असेल, तर साध्या अनमाउंटला यंत्र ‘व्यग्र’ म्हणून नकार देतें, मग मागणारा कोणीहि असो. शिवाय वरील दोन्ही शब्दांसरशीं, निराळें कांहीं न लिहिल्यास, ड्राइव्हवरचे कार्यक्रम चालविण्यास व त्यांतून रूटचा अधिकार बळकावण्यास आपोआप बंदी होते. ती बंदी कोणी उठवूं नये.

पुतण्यानें असा गट केला आहे. आतां नात स्वतःच कळ दाबते, आणि नकार आला कीं कोणाची फाइल उघडी आहे हें विचारीत माडीवर जाते.