गिटारींचा लिलाव, उपचारांचा निधी

संगीतव्यवसायातील मानसिक अनारोग्यासाठी लिलावातून निधी उभारण्याच्या प्रथेचा मागोवा घेताना २४ जून १९९९ हा दिवस विशेष महत्त्वाचा ठरतो. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या शंभर गिटारी विक्रीस काढल्या आणि त्यांतून जमलेले सुमारे ५० लाख डॉलर अँटिग्वा बेटावर क्लॅप्टन यांनी आदल्या वर्षी सुरू केलेल्या ‘क्रॉसरोड्स सेंटर’ या व्यसनमुक्ती केंद्राला मिळाले. आधी हेरॉइन व मग मद्य यांच्या आहारी गेलेल्या क्लॅप्टन यांनी १९८२ आणि १९८७ अशा दोन खेपांना अमेरिकेतील हेझल्डन येथे उपचार घेतले होते; त्यामुळे या दानात परोपकारापेक्षा ऋणफेडीचा भाग मोठा होता. व्यसनाधीनता, म्हणजे एखाद्या पदार्थावाचून न चालण्याची आणि स्वतःवरचा ताबा सुटण्याची अवस्था, वैद्यकशास्त्राने मानसिक विकारांत गणली असली, तरी वादकाच्या बाबतीत ती कलंदरपणात खपून जात असे.

या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती ‘ब्राउनी’ या १९५६ सालच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारीला. १९७० च्या ‘लैला’ या ध्वनिमुद्रणात वाजलेल्या या वाद्याच्या पट्टीवरचे रोगण बोटांखाली झिजून गेलेले होते आणि तारांच्या टोकांशी पेटती सिगारेट खोचून ठेवण्याच्या सवयीमुळे त्याचा माथा करपला होता. एरवी दुकानात असा डाग दाखवून गिऱ्हाइकाने भाव पाडला असता. येथे तो अस्सलपणाचा दाखला ठरला आणि बायर्स प्रीमियमसह, म्हणजे अंतिम बोलीवर लिलावसंस्था खरेदीदाराकडून घेते त्या अधिभारासह, किंमत ४,९७,५०० डॉलरवर गेली. ज्या बेफिकीर आयुष्याच्या खुणांना ही किंमत आली, त्याच आयुष्याच्या परिणामांवर उपचार करणाऱ्या केंद्राकडे ती वळली, ही विसंगती त्या सोहळ्यात फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही.

२००४ मध्ये क्लॅप्टन यांच्या गिटारींच्या पुढच्या लिलावात तीन जुन्या स्ट्रॅटोकॅस्टरचे भाग जोडून बनवलेली ‘ब्लॅकी’ ९,५९,५०० डॉलरना गेली आणि त्या लिलावाची एकूण जमा ७४ लाख डॉलरच्या घरात पोचली; २०११ मध्ये बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने केलेल्या विक्रीतून मात्र साधारण साडेएकवीस लाखच आले. नामांकित वाद्य एकदाच विकता येते, खाटांचा आणि समुपदेशकांचा खर्च मात्र दरसाल उभा राहतो.

पुढे प्रश्नाची व्याप्ती व्यसनापलीकडे गेली. वेस्टमिन्स्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधील २,२११ संगीतकर्मींच्या उत्तरांवरून मांडलेल्या अभ्यासात ७१.१ टक्क्यांनी चिंता व भयाचे झटके, तर ६८.५ टक्क्यांनी नैराश्य अनुभवल्याचे सांगितले. उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आले होते, हे ध्यानात घेऊनही आकडे किरकोळ म्हणता येत नाहीत. अनिश्चित कमाई आणि अवेळी काम ही यामागची कारणे नामवंतांपेक्षा साध्या साथीदाराला अधिक छळणारी असून त्याच्या घरी लिलावात मांडण्याजोगी ‘ब्राउनी’ नसते.

मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्येच ज्युलियन्स या लिलावसंस्थेने अमेरिकी रॉक संगीतकार कर्ट कोबेन यांची १९६९ ची निळी फेंडर मस्टँग विकली. १९९४ मध्ये आत्महत्येने मरण पावलेल्या या कलावंताची गिटार ४५.५ लाख डॉलरना गेली, परंतु या रकमेचा काही भागच ‘किकिंग द स्टिग्मा’ या मानसिक आरोग्यविषयक उपक्रमासाठी होता. हा उपक्रम चालवणाऱ्या कुटुंबाचे तत्कालीन प्रमुख जिम अर्से हेच गिटारीचे खरेदीदार होते.